नऊशे सत्त्याण्णव आणि तीन

चवथीच्या दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली, गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली सतरंज्या पसरून सगळी लवंडली, तेव्हा वहिनीनं विषय काढला. "ताई, दसऱ्याला आईंना ऐंशी वर्षं आठ महिने होतात. भटजींशी बोललेय मी. सहस्रचंद्रदर्शन करूया का?"

ऐंशी वर्षं आठ महिन्यांत माणसानं हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरून करतात तो हा सोहळा. आई आत झोपली होती. २ फेब्रुवारी १९४५ हा तिचा जन्म, आणि २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला. तारखेला तारीख जुळत होती, शिवाय सुट्टी. भावानं मांडव आणि जेवण अंगावर घेतलं, भाचीनं जुने फोटो गोळा करायचं ठरवलं. मी म्हटलं, "मी कार्ड करीन."

"विकतचं नको मग," भाची म्हणाली, "हातानं कर, आत्ये."

तिनं सांगायची गरज नव्हती. आईची एक पत्र्याची ट्रंक आहे. आम्ही दोघांनी पहिली-दुसरीत असताना पाठकोऱ्या कागदावर केलेली दिवाळीची कार्डं तिनं त्यात जपून ठेवली आहेत. एकावर मी भाताची तुसं चिकटवून कंदील केला होता. पन्नास वर्षांत त्यातली निम्मी तुसं गळून पडली, ती तिनं पुडी बांधून त्याच कार्डाच्या आत ठेवलीत. अशा बाईला छापील मजकुराचं चकचकीत कार्ड देववत नाही.

काय करायचं ते मात्र ट्रंकेनंच सुचवलं. त्याच दुपारी आईच्या परवानगीनं ती उपसत होते. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जाड पुठ्ठ्यासारखा कागद निघाला. तिचा ठिपक्यांचा कागद. जळत्या उदबत्तीनं भोकं पाडलेला. शेणानं सारवलेल्या अंगणात तो अंथरायचा, वरून रांगोळी पसरून हात फिरवायचा, कागद उचलला की खाली एका मापाचे ठिपके. आमच्या तुळशीपुढे वर्षानुवर्षं याच कागदाचे ठिपके पडले. आईचे गुडघे गेल्यापासून ते थांबलं. आता वहिनी उभ्यानं जमेल तेवढं काढते, आणि आई सकाळी खुर्चीवर बसून बघते. बोलत काही नाही.

कागद कसा आहे बघायला मी तो खिडकीसमोर धरला, आणि प्रत्येक भोकातून उजेड आला. हजार चंद्र कसे दाखवायचे हा प्रश्न तिथंच सुटला. कार्डावर हजार भोकं टोचायची, मागे दिवा धरायचा.

हिशेबाच्या कामात माझी तीस वर्षं गेली. हजार म्हटलं की हजारच, हे अंगात भिनलं आहे. त्यामुळे पर्वरीला परत आल्यावर पहिलं काम केलं ते पौर्णिमा मोजायचं. वर्षाला बारा धरल्या तर ऐंशी वर्षं आठ महिन्यांत ९६८ च येतात. अधिक महिन्यांच्या पौर्णिमा वर धराव्या लागतात. त्यापेक्षा दिवसांनी मोजणं सोपं. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, म्हणजे हजारांना २९,५३०. आईचे दसऱ्याला २९,४६२ दिवस होत होते. तिच्या जन्मानंतरची पहिली पौर्णिमा २७ फेब्रुवारी १९४५ ची. तिथून मोजत आले, दोनदा मोजलं, पंचांगाशी ताडून पाहिलं. दसऱ्यापर्यंत भरतात ९९७.

तीन कमी पडत होत्या. कोजागरीची ९९८ वी, त्रिपुरारीची ९९९ वी, आणि ४ डिसेंबरला दत्तजयंतीची हजारावी.

भटजींना फोन केला. ते म्हणाले, "ऐंशी वर्षं आठ महिने ही रूढी आहे बाई, सोहळा त्यावर करतात. तुम्ही निःशंक करा." सोहळ्याबद्दल माझी शंका नव्हतीच. मला भोकं टोचायची होती, आणि न पाहिलेल्या पौर्णिमेचं भोक टोचायला मन घेत नव्हतं. त्या तीन जागांचं काय करायचं हे बरेच दिवस सुचलं नाही. तोवर बाकीचं सुरू केलं.

नक्षी बसवायला दोन संध्याकाळी लागल्या. रांगोळीत एकाआड एक ठिपके मांडून षटकोन करतात तसा करायचा होता. मधली ओळ सगळ्यांत लांब, मग वर आणि खाली एकेक ठिपका कमी. मधे ३५ घेतले आणि दोन्ही टोकांना १८ पर्यंत उतरले, तर बेरीज ९१९ आली. हजाराला उरले ८१. आईला तेव्हा ८१ वं वर्ष चालू होतं. मी पेन खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसले. असे आकडे आपण जुळवून आणू म्हटलं तर जुळत नाहीत.

त्या ८१ ठिपक्यांचं तुळशीवृंदावन केलं. पायरीच्या दोन ओळी पंधरा-पंधराच्या, वर सात-सातच्या पाच ओळींचा खांब, त्यावर नऊ ठिपक्यांची कड, आणि शेवटची सात तुळशीची पानं. वर षटकोनाचा भरलेला चंद्र, खाली वृंदावन, मधे दोन-तीन बोटं रिकामी जागा.

आता कागद. कोणी असं कार्ड करणार असेल तर मला एवढंच सांगायचं आहे की पैसे आणि वेळ इथं घालवा, रंगावर आणि सजावटीवर नंतर बघता येतं. पहिल्यांदा घरात होता तो १२० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचा, कागद घेऊन दोन-दोन मिलिमीटरवर टोचून पाहिलं. एक ओळ पुरी झाली, कागद उचलला, आणि टपालाच्या तिकिटासारखा तो त्या ओळीवर फाटून हातात आला. मग ३०० जीएसएमचा जाड आणला. त्यात सुई घुसवताना बोटाची सालं निघाली आणि पन्नास भोकांत हात थकला. शेवटी पणजीत अठरा जून रस्त्यावरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात २०० जीएसएमचा ड्रॉइंगचा कागद मिळाला. ठिपक्यांमधलं अंतर साडेतीन मिलिमीटर ठेवलं. मधली ओळ ११९ मिलिमीटरची झाली, कार्डाची रुंदी १४८. दोन्ही बाजूंना जागा राहिली आणि कागदही टिकला.

ए-फोर कागद मधोमध दुमडला की कार्डाचं माप बरोबर येतं, म्हणून मी तसाच दुमडला होता. घडीवर बारीक भेगा पडल्या. कागदालाही लाकडासारखे तंतू असतात आणि ते बहुतेक एकाच दिशेनं धावतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर सुरेख बसते, आडवी घातली तर कागद तडकतो. ओळखायचं सोपं आहे. कागद एकदा उभा, एकदा आडवा हलकेच वाकवायचा. ज्या घडीवर तो मऊपणे वाकतो तिला समांतर तंतू. ए-फोर बहुधा लांबीच्या दिशेनं तंतू ठेवून कापलेला असतो, त्यामुळे मधली घडी नेमकी आडवी पडते. मी मोठा ताव आणला आणि हवा तसा कापून घेतला. घडीच्या जागी आधी शाई संपलेल्या बॉलपेननं पट्टीला धरून चर पाडला, मग दुमडला. चुण्या आल्या नाहीत.

रंगाचं ठरलेलं होतं. गेरू. रांगोळी खुलते ती गेरूवर, आणि आमच्या डोळ्यांना लाल-पांढऱ्याची सवय देवळापासून आहे. कोकणपट्टीतल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची चित्रं असतात. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबडी माती, चढवायची, ती ओली असतानाच टोकदार हत्यारानं खरवडायची, आणि खालचा पांढरा उघडा करायचा. तिथंही रंग एकच, आणि चित्र निघतं ते काढून टाकलेल्या रंगातून. टोचताना मला त्या कारागिरांची फार आठवण यायची. त्यांच्याही हातून एकदा खरवडलेलं परत भरून येत नव्हतं.

बाजारातून गेरूची पूड आणली, वस्त्रगाळ केली, पाण्यात कालवून लावली. वाळल्यावर बोट फिरवलं तर बोट लाल. नुसत्या पाण्यातला गेरू कागदाला धरत नाही. मग बाभळीचा डिंक रात्रभर भिजत घातला, सकाळी गाळून त्या पाण्यात गेरू कालवला. या खेपेला रंग छान बसला, पण कागदाची पोळीसारखी फुगून वाटी झाली. ओला कागद एका बाजूनं ताणला जातो. त्याला दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावे. रंगवण्याआधी कागद चारही कडांनी फळीवर चिकटपट्टीनं पक्का बसवायचा, आणि एक बाजू पूर्ण वाळली की मागच्या बाजूलाही पातळ हात द्यायचा, म्हणजे दोन्हीकडचा ताण सारखा होतो.

सप्टेंबरातला गोवा म्हणजे कपाटातल्या चपलांवरही बुरशी. रंगवलेला कागद मी सुरक्षित राहावा म्हणून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी उघडला तर लाल रंगावर पांढरे गोल उमटले होते, काही ठिकाणी लव धरलेली. डिंक हे बुरशीचं अन्न, आणि मी ते दमट हवेसकट बंद करून ठेवलं होतं. त्या रात्री मला खरोखर रडू आलं. घटस्थापना दोन दिवसांवर आली होती आणि माझ्याकडे एकही भोक टोचलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळं नव्यानं केलं. डिंकाच्या पाण्यात लवंगाच्या तेलाचे दोन थेंब घातले, त्यानं बुरशी दूर राहते. कागद पंख्याखाली दिवसभर वाळवला, मग वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर जाड पुस्तकं ठेवली. वर्तमानपत्र रोज सकाळ-संध्याकाळ बदललं. प्लास्टिकच्या जागी पत्र्याचा डबा घेतला, त्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. हा कागद शेवटपर्यंत स्वच्छ राहिला. घरात अजून लवंगाचा वास आहे आणि मला तो आता कार्डाचाच वास वाटतो.

मग टोचणं.

आधी आईच्या रीतीनं उदबत्तीनं करून पाहिलं होतं. उदबत्तीचं भोक सुंदर गोल होतं, पण एवढ्या जवळ-जवळ ते जमत नाही, दोन भोकांमधला कागद करपतो. म्हणून सुई. तीन सुया घेतल्या. शिवणाची मधली, एक अगदी बारीक, आणि एक गोधडीची जाड. प्रत्येकीचं नेढं बाटलीच्या बुचात खुपसून मूठ केली. बोटाला अंगुस्तान. खाली जुन्या योगाच्या चटईचा तुकडा, सुई आत शिरायला मऊ आणि तरी कागदाला आधार देणारा.

टोचायचं मागच्या बाजूनं ठरवलं. सुई जिथून बाहेर पडते तिथं कागदाचा बारीक उंचवटा येतो. तो समोरच्या बाजूला आला तर आईच्या बोटांना जाणवेल. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे तिची, दिसतं बऱ्यापैकी, पण बारीक काही असलं की ती आधी बोट फिरवते. तांदूळ निवडतानाही तिचं बोटच आधी पोचतं. मागून टोचायचं म्हणजे डावं-उजवं उलट होतं, हे मी नमुन्याच्या तुकड्यावर विसरले आणि तिथंच लक्षात आलं. नमुना करायचा तो याच्यासाठी. आलेखाच्या कागदावर सगळे ठिपके आरशात दिसतील तसे काढले, तो कागद मागे कडांना चिकटवला आणि सुरुवात केली.

रोज रात्री जेवण झाल्यावर दीड तास. सुई सरळ उभी धरायची, थोडी जरी कलली तर भोक लांबट होतं आणि मागचा उजेड तिरका येतो. एका ओळीत घाई केली की पुढच्या ओळीत चूक होतेच. पहिल्या रात्री पाच ओळी झाल्या, शंभर ठिपके.

ओळींना वर्षं आहेत हे मला हिशेब करताना ठाऊक होतं, पण हातात सुई आल्यावर ते वेगळंच जाणवायला लागलं. वरची पहिली ओळ १८ ठिपक्यांची, आईला दीड वर्षाची होईपर्यंत पुरते. दुसरी, तिसरी, चौथी. त्या काळातलं मला काहीच माहीत नाही. तिचं माहेर पेडण्याकडचं, आजोबांचं किराणाचं दुकान, मराठी शाळा घरापासून लांब, एवढंच ऐकलेलं. तिच्या आयुष्यातले दोनशे ठिपके मी अंधारातच टोचले. दहाव्या ओळीत अकराव्या ठिपक्याशी थांबले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा आईच्या २०८ पौर्णिमा झालेल्या होत्या, आणि तिसऱ्या दिवशी २०९ वी आली. ती सोळा वर्षांची होती. त्या दिवसांत घराबाहेर माणसं उशिरापर्यंत बसायची आणि चांदणं स्वच्छ होतं, असं ती सांगते. पंचांगानं तिच्या आठवणीला दुजोरा दिला याचं मला फार बरं वाटलं. तिथं गोधडीची सुई वापरली.

बाराव्या ओळीत तिचं लग्न. चौदाव्यात मी, पंधराव्यात भाऊ. तिन्ही ठिकाणी जाड सुई. मधली ३५ ठिपक्यांची ओळ येते १९८० च्या अखेरीपासून १९८३ पर्यंत. तेव्हा मी दहा-बारा वर्षांची, भाऊ सात-आठचा, आजी-आजोबा होते, काका त्यांच्या कुटुंबासह आमच्यातच राहायचे, पंगत दोनदा बसायची. षटकोनातली सगळ्यांत रुंद ओळ नेमकी त्या वर्षांवर पडली. तिथून पुढे ओळी एकेका ठिपक्यानं आखूड होत जातात. आजी गेली, काकांनी फोंड्याला घर केलं, माझं लग्न झालं.

तिसाव्या ओळीत २००९ चा भाद्रपद. बाबा गेले ती पौर्णिमा. जाड सुई हातात घेतली होती, ती ठेवून दिली. भोक नकोच असंही वाटलं, पण ती पौर्णिमा आईनं पाहिली आहे. बारीक सुई घेऊन इतकं हलकं टोचलं की समोर उंचवटा जेमतेम आला.

षटकोन संपला तो २०१९ च्या वैशाखी पौर्णिमेशी. खालचं वृंदावन मी पायरीपासून वर बांधत गेले. पायरीच्या दोन ओळींत कोरोनाची दोन्ही वर्षं बसतात. त्या काळात मी पर्वरीत आणि आई साखळीला, अंतर तासाभराचं, आणि कित्येक पौर्णिमा आम्ही फोनवर बोलत एकच चंद्र बघितला. खांब झाला, कड झाली, तुळशीची पहिली चार पानं झाली. ९९७. आणि वरची तीन पानं कोरी.

ती कोरी पानं समोर होती म्हणूनच सुचलं असणार. त्या पौर्णिमा तिच्या आहेत, तिनंच टोचाव्यात. तीन जागी पेन्सिलीनं बारीक वर्तुळं केली. बूच लावलेली सुई उजळ पुसून घेतली, आणि कार्डाच्या आत लोकरी कापडाचा तुकडा चिकटवून त्यात खोचून ठेवायचं ठरवलं.

पुढची कामं थोडक्यात. भोकांच्या मागे बटर पेपर लावला, त्यानं उजेड पसरतो आणि प्रत्येक भोक टाचणीच्या टोकासारखं न टोचता मऊ दिसतं. पांढऱ्या गोंदानं बटर पेपर सुरकुततो, म्हणून दोन्हीकडून चिकटणारी पट्टी फक्त कडांना लावली. घडीवर गेरू थोडा उडाला होता, तिथं आईच्या जीर्ण लुगड्याचा काठ खळीनं चिकटवला. तो काठ वहिनीनं गुपचूप काढून दिला. दिव्याची चाचणी समईवर केली. एक हात अंतराच्या आत ज्योत आणू नये, कागद तापतो आणि तेलाचा थेंब उडाला तर सगळं वाया.

आतल्या पानावर काय लिहावं याचे चार खर्डे केले आणि चारही फाडले. वाढदिवसाच्या शुभेच्छा हे शब्द आईला परक्यासारखे वाटले असते. शेवटी मोठ्या अक्षरात खुणांची यादी लिहिली. दहावी ओळ, अकरावा ठिपका, गोवा मुक्त झाला. बारावी ओळ, तुझं लग्न. चौदावी, मी. पंधरावी, भाऊ. तिसावी, बाबा. आणि खाली, "वरची तीन पानं तुझी. सुई आत आहे."

दसऱ्याला घर भरलं होतं. होम झाला, ८१ पणत्यांनी आईला ओवाळलं, झेंडू आणि आपट्याच्या पानांनी ओटी भरल्यासारखी तिची मांडी भरली. त्या गर्दीत कार्ड द्यायचं नाही असं मी आधीच ठरवलं होतं. रात्री माणसं पांगल्यावर देवघरातली समई पुढे ओढली, बाकीचे दिवे घालवले आणि कार्ड तिच्यासमोर उभं धरलं.

तिनं आधी बघितलं. मग कार्ड हातात घेतलं, दिव्यापासून दूर नेलं, आणि डोळे मिटून त्यावर बोटं फिरवली. "ठिपक्यांचा कागद," ती म्हणाली. मी हो म्हटलं. तिनं ओळी मोजल्या. यादी सलग वाचून दाखवावी लागली नाही. जाड ठिपका लागला की बोट थांबायचं आणि ती विचारायची, हा कसला? भाची सांगत होती. तिसाव्या ओळीवर बोट पुढे गेलं, पुन्हा मागे आलं. तिनं विचारलं नाही. बोट तिथं बराच वेळ होतं.

कोजागरीला मी मुद्दाम साखळीला गेले. ढग होते, चंद्र साडेनऊला दिसला. दूध आटलं, आईनं चष्मा लावला, बुचाची सुई मुठीत धरली. हात थरथरतो तिचा. मला भीती होती की सुई सरकेल आणि कागद ओरखडेल. भावानं खालून चटई धरली, मी कार्ड. तिनं सुई टेकवली आणि थरथर थांबेपर्यंत वाट पाहिली, मग एकदाच दाबली. भोक माझ्या सगळ्या भोकांहून सरळ पडलं. रांगोळी काढताना चिमटीतून धार सोडायच्या आधीही ती अशीच क्षणभर थांबायची, हे मला इतक्या वर्षांनी आठवलं.

त्रिपुरारीला विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात. तिला गर्दीत नेणं शक्य नव्हतं. भाचीनं फोनवर होड्या दाखवल्या, आणि त्या बघत-बघतच तिनं ९९९ वी टोचली. मी तिथं नव्हते, फोनवर ऐकलं.

दत्तजयंतीला आम्ही सगळी होतो. सकाळी भावानं तिला गाडीनं दत्तमंदिरात नेऊन आणलं. संध्याकाळी ओसरीवर खुर्ची टाकली, चंद्र वर आला, तिनं तुळशीचं सगळ्यांत वरचं पान टोचलं. भाचीनं टाळ्या वाजवल्या. वहिनीनं साखर ठेवली सगळ्यांच्या हातावर. मी समई आणून मागे धरली, हजारही उजळले.

आई कार्डाकडे बघत होती. सुई तिच्या मुठीतच होती.

"आणि पौषातली गो?" तिनं विचारलं. "ती कुठं टोचायची?"

मला उत्तर सुचलं नाही. तिनं कार्ड जवळ घेतलं, तुळशीचा शेंडा आणि चंद्राची खालची कड यांच्यामधल्या कोऱ्या जागेवर बोट फिरवलं, साडेतीन मिलिमीटरचं अंतर नजरेनं घेतलं, आणि शेंड्याच्या थोडं वर नखानं एक खूण करून ठेवली.